बाबांच्या साडेसातशे स्लाइड्स: स्कॅनरचं नंतर बघू, आधी पंखा बंद करा

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. बाबा १९७६ ते १९८९ मस्कतला नोकरीला होते. तिथे आणि सुट्टीत गावी आल्यावर काढलेल्या साधारण साडेसातशे स्लाइड्स, म्हणजे प्रोजेक्टरवर बघायच्या, फ्रेममध्ये बसवलेल्या फिल्मच्या छोट्या चौकटी, लोखंडी कपाटात, बहुतेक कोडॅकच्या पिवळ्या डब्यांत आहेत. काहींवर बुरशी धरलीय, काही लाल पडल्यात. एक स्टुडिओ नगाला चाळीस रुपये सांगतोय, म्हणजे तीस हजार झाले. तेवढ्यात आपला स्कॅनरच येईल, तर कोणता घ्यावा, हा तुमचा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता लिहिलंयत की घरात निकॉनचा डी५६०० कॅमेरा किट लेन्ससकट, म्हणजे सोबत येणाऱ्या साध्या लेन्ससकट, पडून आहे.

हे शेवटचं वाक्य पहिलं हवं होतं. कॅमेरा घरात आहे ना, मग स्कॅनर घेऊ नका. त्याच कॅमेऱ्याने स्लाइडचाच फोटो काढायचा. मी गेली चौदा वर्षं हे काम करतोय. सुरुवात मामांच्या ट्रेकच्या स्लाइड्सपासून झाली, मग एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाची दोन कपाटं आली, मग ओळखीतून ओळखी. पहिली पाच वर्षं स्कॅनरवर घालवली. आता तो स्कॅनर चादरीखाली आहे आणि वर्षातून दोनदा सुरू होतो.

पण यंत्राचं पुढे बघू. साडेसातशे स्लाइड्सच्या कामात फोटो काढणं चार-पाच संध्याकाळचं असतं. खरा वेळ जातो तो निवडण्यात आणि धूळ काढण्यात. काम बिघडतं तेही तिथेच.

आधी निवड. बाजारात ट्रेसिंगसाठी पातळ एलईडी पॅड मिळतो, ए४ आकाराचा घ्या. त्यावर एका वेळी पंधरा-वीस स्लाइड्स मांडा आणि मोबाइलने वरून फोटो काढा. डब्यावर आणि फ्रेमवर जे काही लिहिलेलं असेल तेही फोटोत यायला हवं. फ्रेमवर महिना-वर्षाचा शिक्का असेल तर तो रोल धुऊन आल्याचा महिना असतो, फोटो काढल्याचा नाही. दिवाळीचा फोटो आणि शिक्का फेब्रुवारीचा, हे अगदी नेहमीचं आहे. त्या काळात रोल संपायला दोन-तीन महिने सहज लागायचे, कारण छत्तीस फोटो जपून जपून वापरले जायचे.

बाबा एक्याऐंशीचे आहेत आणि नजर अधू झालीय, असं लिहिलंयत. मग हे मोबाइलचे फोटो टीव्हीवर मोठे करून दाखवा आणि शेजारी दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. लिहून घेत बसू नका, लिहिताना माणूस थांबतो आणि सांगणाऱ्याची लय तुटते. स्लाइडचा नंबर मोठ्याने म्हणा आणि त्यांना बोलू द्या. हे काम स्कॅनिंगच्या आधी करा. मामांच्या बाबतीत मी उलट केलं. आधी दीड वर्ष सगळं अगदी उत्तम दर्जाचं स्कॅन केलं आणि दाखवायला घेऊन गेलो तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. सत्तर-ऐंशी स्लाइड्समध्ये कोण आहे ते आजही आम्हाला ठाऊक नाही.

यातून गाळणीही होते. एकाच दृश्याच्या चार-चार स्लाइड्स, विमानाच्या खिडकीतून काढलेले ढग, हललेले फोटो हे बाजूला पडतात. साडेसातशेतल्या चारशे उरतील. टाकून काहीच द्यायचं नाही, फक्त रांगेत मागे ठेवायचं. एक मात्र सांगतो: निसर्गदृश्यं गाळा, पण घराच्या आतले फोटो गाळू नका. मस्कतच्या खोलीतला फ्रिज, भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचा कॅसेट प्लेअर. किल्ल्याचा फोटो कुठेही मिळेल. बाबांच्या खोलीचा कुठे मिळणार?

आता बुरशी. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः हात पोळून घेतलाय.

मामांची एक स्लाइड होती. हरिश्चंद्रगड, कोकणकड्याच्या अलीकडे मामी उभी, डोक्याला रुमाल बांधलेला. आकाशात आणि चेहऱ्याच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी. मी मेडिकलमधून स्पिरिट आणलं, इअरबड बुडवला आणि हलक्या हाताने एकदाच फिरवला. अगदी एकदाच. बुरशी गेली. इअरबडवर निळसर-गुलाबी डाग आला. लाइटवर धरून पाहिलं तर मामीच्या चेहऱ्याच्या जागी पारदर्शक भोक होतं, रुमाल मात्र जसाच्या तसा. ती स्लाइड मी अजून तिला दाखवलेली नाही.

झालं होतं असं, की स्लाइडवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं आणि बुरशी तेच जिलेटिन खाते. खाल्लेला भाग पाण्यात विरघळण्याजोगा मऊ होतो. मेडिकलच्या स्पिरिटमध्ये पाणी असतं. सॅनिटायझरमध्ये तर भरपूरच असतं. तेवढ्या पाण्याने थर सुटतो आणि कापसाबरोबर येतो. म्हणून बुरशीच्या स्लाइडला पाणी, ओला फडका, चष्म्याचं लिक्विड, तोंडाची वाफ यातलं काहीही लावायचं नाही. चालतं ते ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच. बाटलीवर ९९ लिहिलंय याची खात्री करा, ७० नको. बाटली लगेच बंद करत जा, कारण ते हवेतली ओल ओढून घेतं. फिल्मसाठीच बनवलेलं पेक-१२ नावाचं द्रव मिळालं तर उत्तमच. आधी गाळलेल्या ढगांच्या स्लाइडवर करून बघा. मऊ, दोरे न सुटणारा कागद घ्या, एका दिशेने हलकेच ओढा आणि कागद बदला. घासायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस-उदबत्ती जवळ नको.

बुरशीने जिथे चित्रच खाल्लंय तिथे पुसून काही परत येत नाही. बाबांच्या ज्या स्लाइड्समध्ये बुरशी चेहऱ्यावर आहे, त्यांना हात न लावता आहे तसा फोटो काढा आणि डाग नंतर कॉम्प्युटरवर भरा. बुरशीच्या स्लाइड्स वेगळ्या डब्यात ठेवा. चांगल्या स्लाइड्सचं काम आधी उरका, म्हणजे ब्रश आणि हात त्यांना लागणार नाहीत.

काही स्लाइड्स काचेच्या फ्रेममध्ये असतील. पूर्वी हौशी लोक आवडत्या स्लाइड्स मुद्दाम काचेत बसवायचे. आपल्या हवेत त्या काचांमध्ये ओल अडकते आणि सगळ्यात जास्त बुरशी तिथेच सापडते. फोटोतही काच आणि फिल्म चिकटतात तिथे इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उमटतात. फ्रेमचे दोन भाग नखाने किंवा बोथट चाकूने अलग होतात, फिल्म काढून साध्या प्लास्टिक फ्रेममध्ये घाला. फिल्म काचेला चिकटलीच असेल तर ओढू नका, ती एवढी तज्ज्ञाकडे द्या.

साध्या धुळीसाठी हाताने दाबायचा रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश पुरे. फुंकर मारू नका, थुंकीचे कण उडतात. दबावाच्या हवेचे कॅनही मला आवडत नाहीत, तिरपा धरला तर आतलं थंड द्रव फिल्मवर येतं. खोली मात्र नीट निवडा. पंखा बंद. गालिचा, गोधडी, मांजर नाही. काम सुरू करायच्या आधी फरशी ओल्या फडक्याने पुसून अर्धा तास थांबायचं, धूळ खाली बसते. लोकरीचा स्वेटर घालून बसू नका, कोरड्या हवेत स्थिर वीज तयार होते आणि फिल्म धूळ ओढते. पावसाळ्यात हे काम मी घेतच नाही. दसऱ्यानंतर सुरू करावं आणि होळीपर्यंत संपवावं. दर स्लाइडमागे ब्लोअरचे चार फटके, दोन्ही बाजूंनी. कंटाळा येतो. पण इथे वाचवलेले दहा सेकंद कॉम्प्युटरवर दहा मिनिटांना पडतात.

आता यंत्र.

स्कॅनर घेऊ नका म्हटलं त्याचं कारण देतो. फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर, उदाहरणार्थ एप्सनच्या व्ही६००वर, एका वेळी चार स्लाइड्स बसतात आणि खोक्यावर ६४०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात जो बारकावा हाती येतो तो त्याच्या पावपटीच्या आसपास असतो, बाकी नुसती फाइल फुगते. प्लसटेकसारखे खास फिल्मचे स्कॅनर बारकावा बरा देतात, पण एकेक स्लाइड हाताने सरकवायची आणि दर स्लाइडला काही मिनिटं थांबायचं. चारशे स्लाइड्सना किती संध्याकाळी लागतील त्याचा हिशेब तुम्हीच करा. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ते डबीसारखे ‘स्लाइड स्कॅनर’, छोटा स्क्रीन असलेले, ते घेऊच नका. आत मोबाइलसारखा एक लहानसा कॅमेरा असतो. कडा कापतो, सावलीतला भाग काळा ठिक्कर करतो आणि आभाळ पांढरं फटक.

स्कॅनरच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. चांगल्या स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती आपोआप काढायची सोय असते. फिल्मचे रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात आणि धूळ, ओरखडा अडवतो, म्हणून यंत्राला दोन्हीतला फरक कळतो. जादूच वाटते. पण तुमचे पिवळे डबे बघता बाबांच्या बऱ्याच स्लाइड्स कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म, असणार, आणि नेमकं कोडाक्रोमवर हे तंत्र फसतं. त्याचा थर इन्फ्रारेडही थोडा अडवतो, मग यंत्र मिशीला, झाडाच्या फांदीला धूळ समजून पुसून टाकतं. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते, तिथेही तेच.

कोडाक्रोम ओळखायचा कसा? बहुतेक वेळा फ्रेमवर नाव छापलेलं असतं. नसेल तर स्लाइड लाइटखाली तिरपी धरा. एक बाजू चकचकीत दिसेल, दुसरी मंद. मंद बाजूवर चित्र उठावदार, कोरल्यासारखं दिसलं तर कोडाक्रोम. ही फिल्म बऱ्याच देशांत धुण्याच्या खर्चासकट विकली जायची. रोल पाकिटात घालून कंपनीच्या लॅबला पोस्टाने पाठवायचा आणि काही आठवड्यांनी डबा घरी. अंधारात ठेवलेला कोडाक्रोम रंगांना फार पक्का असतो, १९७६ची स्लाइड कालची वाटेल. प्रोजेक्टरच्या दिव्याखाली मात्र तोच लवकर उडतो. तेव्हा ‘एकदा भिंतीवर बघू या’ हा मोह आवरा, निदान फोटो काढून होईपर्यंत. (न धुतलेला कोडाक्रोम रोल सापडला तर आता काही उपाय नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या लॅबने ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल घेतले.)

लाल पडलेल्या स्लाइड्स बहुधा सुट्टीत इथे घेतलेल्या रोलच्या असतील. तेव्हा आपल्याकडे पूर्व जर्मनीचा ऑर्वो फिल्मचा रोल सहज मिळायचा, कारण त्या देशाशी रुपयांत व्यापार चालायचा. माझ्याकडे आलेल्या ऑर्वोच्या आणि जुन्या एक्टाक्रोमच्या (कोडॅकचीच दुसरी स्लाइड फिल्म) बऱ्याच स्लाइड्स लाल-गुलाबी झालेल्या होत्या. त्यांचं खाली सांगतो.

लेन्स एकच घ्यावी लागेल. किट लेन्स इतक्या जवळून फोटो घेत नाही. निकॉनची ४० एमएमची मायक्रो तुमच्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकससकट चालते. पण मी तुमच्या जागी असतो तर जुनी ५५ एमएमची हाताने फोकस करायची मायक्रो-निकॉर सेकंडहँड शोधली असती. ती निम्म्या आकारापर्यंत जाते, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरची स्लाइड सेन्सरवर १८ बाय १२ मिलिमीटर पडते. तुमच्या २४ मेगापिक्सेलपैकी साधारण चौदा वापरात येतात. ए४ प्रिंटला ३५०८ बाय २४८० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलही नाहीत. चौदा भरपूर झाले. मात्र या लेन्सवर तुमचा कॅमेरा उजेड मोजणार नाही, एम मोडवर (सगळं हाताने ठरवायचं) ठेवून हिस्टोग्रॅम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघायचा.

कॅमेरा खाली तोंड करून घट्ट उभा राहायला हवा. ट्रायपॉड चालतो, पण सगळ्यात छान म्हणजे जुन्या डार्करूममधल्या एन्लार्जरचा, म्हणजे फिल्मवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राचा, खांब. पुण्याच्या जुन्या बाजारात मी एक भंगाराच्या भावात उचलला. वरचं डोकं काढलं, कॅमेऱ्याचा स्क्रू बसवून घेतला, अजून तोच वापरतो. हे सगळं नको असेल तर निकॉनचं ईएस-२ नावाचं नळकांडं मिळतं, ते ४० एमएमच्या लेन्सपुढे बसतं आणि त्यात स्लाइड खोचायची. मग सरळ धरायची कटकटच नाही.

खांबावर करणार असाल तर कॅमेरा आणि स्लाइड समांतर हवेत. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की समांतर झालं. एवढ्याशा आरशाने जे होतं ते स्पिरिट लेव्हलने होत नाही.

उजेडासाठी तोच एलईडी पॅड चालेल, फक्त रंग नीट दाखवणारा घ्या. खोक्यावर सीआरआय ९५ किंवा वर लिहिलेलं बघा. मोबाइलच्या किंवा टॅबच्या स्क्रीनवर स्लाइड ठेवू नका, पिक्सेलची जाळी फोटोत येते. पॅडवरही थेट ठेवू नका, चार-पाच सेंटिमीटर उंच उचला, म्हणजे पॅडवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. मी दोन काड्यापेट्यांवर स्लाइडचा स्टँड ठेवायचो, नंतर लाकडी करून घेतला. स्लाइडच्या भोवतीचा पॅड काळ्या पुठ्ठ्याने झाका, फक्त स्लाइडएवढी खिडकी ठेवा. खोलीतले बाकी दिवे बंद.

सेटिंग मी असं ठेवतो: आयएसओ १००, छिद्र एफ/५.६ ते एफ/८, फाइल रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). छिद्र एफ/१६ करू नका. इतक्या जवळून ते प्रत्यक्षात आणखी लहान ठरतं आणि सगळं मऊ होतं. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, पूर्ण मोठं करून फिल्मच्या दाण्यावर (चित्र ज्या बारीक कणांचं बनतं त्यांवर) करा. दाणा टोकदार दिसला की झालं, मग दर दहा स्लाइड्सनी एकदा तपासा. पुठ्ठ्याच्या फ्रेममधली फिल्म फुगलेली असते, तिथे जास्त वेळा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, टेबलाला हात न लावता. व्हाइट बॅलन्स रिकाम्या पॅडवर एकदाच ठरवून सगळ्यांना तोच ठेवा. स्लाइड चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे करून ठेवली की चित्र सुलट येतं. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर समजा चुकलं. मशिदीच्या कमानीवरून ते कळणार नाही, म्हणून फ्रेमची बाजूच बघायची सवय लावा.

एक्सपोजर असं धरा की सगळ्यात उजळ भाग, म्हणजे पांढरा शर्ट किंवा ढग, जळू नये. स्लाइडमध्ये सावल्या फार दाट असतात. तुम्हाला अंधारात बाबांचा चेहरा दिसत असेल पण कॅमेऱ्याला नाही, तर त्या स्लाइडचा दुसरा, दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त उजेडाचा फोटो घेऊन ठेवा. सवय झाली की तासाला शंभराच्या पुढे सहज जाता. पहिल्या दिवशी तीस झाल्या तरी हरकत नाही.

कॉम्प्युटरवर रॉ फाइल सुधारायला डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे प्रोग्रॅम, दोन्ही फुकट आहेत. लाल स्लाइडचं कोडं सोपं असतं: निळसर-हिरवा रंग, म्हणजे सायन, उडालेला असतो. त्यामुळे लाल चॅनेलमध्ये काळं उरतच नाही. कर्व्हमध्ये, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करायच्या रेषेत, फक्त लाल चॅनेल निवडा आणि त्याचा डावीकडचा खालचा बिंदू उजवीकडे सरकवत जा. आईचे काळे केस काळे दिसेपर्यंत. मग निळ्यात थोडी हालचाल. नव्वद टक्के रंग या दोन सरकवण्यांत परत येतो. एआयवाले ‘रंग सुधारा’ बटण मी वापरत नाही. एकदा त्याने एका आजींच्या नाकातली नथ पुसून तिथे गुळगुळीत नाक काढून दिलं होतं.

फाइलचं नाव रोमन लिपीत आणि आकड्यांत ठेवा: वर्ष, डबा, स्लाइडचा क्रमांक. मराठी ओळी, नावं, बाबांनी सांगितलेलं सगळं फाइलच्या आतल्या कॅप्शनमध्ये देवनागरीत लिहा, तिथे ते व्यवस्थित राहतं. तोच क्रमांक फ्रेमवर पेन्सिलीने. चारशे रॉ फाइल्स म्हणजे दहा-बारा जीबी, तेव्हा एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी, भावाकडे वगैरे. नातेवाइकांना व्हॉट्सअपवर पाठवाल तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढी मेहनत चिमूटभर होऊन पोचते.

मूळ स्लाइड्स ठेवायच्याच आहेत. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांत नकोत, त्या चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची पानं मिळतात, एका पानात वीस बसतात. ती हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर तिथून हलवा, पावसात ती भिंत ओल धरते. जेल रंग बदलणारं घ्या. नारिंगीचं हिरवं झालं की ओल भरली, बदलायचं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात डबा उघडून रंग बघायची आठवण आत्ताच मोबाइलवर लावून टाका.